‘ऊन काय नवीन आहे का?’ : मामांच्या फॉरवर्डला उत्तर

मागच्या मे महिन्यात अकोल्याला मामांकडे फोन केला तर मामी म्हणाली, "ते बाजारात गेलेत." दुपारचा दीड. मामा 71 वर्षांचे, बीपीची गोळी चालू, आणि डोक्याला दुपट्टासुद्धा न बांधता स्कूटरवर. खिशात मात्र कांदा! का, तर व्हॉट्सअॅपवर आलंय. तोच मेसेज यंदा परत फॅमिली ग्रुपवर पडला आणि खाली चौघांनी अंगठा दिला, म्हणून आता बसून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा : क्लायमेटच्या नावाखाली महापालिकांनी नवा धंदा काढलाय. ऊन आधीपण होतं, आपले आजोबा उघड्या अंगाने राबायचे, कोणी मेलं नाही. खिशात कांदा ठेवा, ओआरएस म्हणजे कंपन्यांचं कारस्थान. छताला पांढरा रंग म्हणजे पेंटवाल्यांचं कमिशन. इलेक्ट्रिक बस शेवटी कोळशावरच चालते. कचरा वेगळा करायला लावतात आणि एकाच गाडीत कोंबतात. आणि एवढं करून फायदा काय, धूर तर अमेरिका-चीन सोडतात. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ आहेच.

आधी आजोबा. मामा, तुमचे वडील म्हणजे माझे आजोबाच की, मी सुट्टीत तिथंच असायचो. पहाटे चारला वावरात जायचे, अकराच्या आत घरी, मग ताक-भाकर खाऊन धाब्याच्या घरात आडवे, ते ऊन उतरल्यावरच परत बाहेर. भर दुपारी दीडला उघड्या अंगाने नांगर धरलेला मी तरी त्यांना कधी पाहिला नाही. महापालिकेच्या पत्रकात ‘12 ते 4 बाहेर पडू नका’ लिहिलं की तुम्हाला ती थेरं वाटतात, आजोबा तेच करत होते, फक्त त्याला हीट अॅक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेचा आराखडा, म्हणत नव्हते एवढंच. आणि ते मातीचं घर पाडून तुम्ही स्लॅब टाकलात, जो रात्री अकरा वाजतापण तापलेला असतो, ते मेसेजवाल्याला कुठून माहीत असणार.

आता ‘कोणी मेलं नाही’. हे वाक्य सगळ्यात घाणेरडं आहे म्हणून इथं थांबतो. मे 2010 मध्ये अहमदाबादला पारा 46.8 वर गेला. त्या महिन्यात शहरात झालेले मृत्यू अभ्यासकांनी 2009 आणि 2011 च्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तर 1344 जास्त निघाले. म्हणजे 43 टक्के वाढ. ह्यातल्या बहुतेकांच्या सर्टिफिकेटवर उष्माघात लिहिलेलाच नसतो, हार्ट अटॅक असतो, किडनी असते, नाहीतर ‘म्हातारपण’. घरातल्या घरात, पत्र्याखाली, दोन दिवस नीट झोप नाही, पाणी कमी, आणि तिसऱ्या दिवशी म्हातारं माणूस उठत नाही. ऊन लागून गेलं असं कोणी म्हणत नाही. म्हणून तुमच्या ओळखीत ‘उन्हाने कोणी मेलं नाही’, मामा. मोजलंच नाही तर दिसणार कुठून.

मग अहमदाबाद महापालिकेने 2013 ला उष्णतेचा आराखडा काढला, आपल्या देशातला पहिला. त्यात काही रॉकेट सायन्स नाही. हवामान खात्याचा अंदाज आला की पिवळा-नारिंगी-लाल इशारा, मोबाईलवर मेसेज, दुपारी बागा उघड्या, पाण्याची सोय, आणि डॉक्टर-नर्स लोकांना उष्माघात ओळखायचं ट्रेनिंग. मला त्यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट एका हॉस्पिटलची आहे. तिथं नवजात बाळांचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या गच्चीच्या बरोब्बर खाली. 2010 च्या उन्हाळ्यात बाळं तापाने आत यायला लागली, कोणाच्या तरी लक्षात आलं, विभाग खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेमुळे आत येणारी बाळं निम्म्याहून कमी झाली. खर्च काय, पाळणे खाली न्यायचा! ह्याच्यात कुठली कंपनी आणि कुठलं कमिशन?

2018 मध्ये ह्या आराखड्याचा हिशोब मांडणारा अभ्यास आला, त्यात अंदाज आहे वर्षाला सरासरी 1190 मृत्यू टळल्याचा. अंदाजच आहे, मान्य, पण तुमच्या मेसेजमागे तर तेवढंपण नाहीये.

आणि अहमदाबाद लांब वाटत असेल तर खारघर आठवा. 16 एप्रिल 2023, सरकारी पुरस्कार सोहळा, मोकळं मैदान, लाखो लोक, भर उन्हात तासन्‌तास बसलेले. 14 माणसं गेली. पारा तिथं 38 च्या आसपास होता, 45 नाही! समुद्रालगत हवा दमट, घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग गार होत नाही, सगळी मेख तिथंच आहे. कांदा खिशात असला काय नि कोशिंबिरीत असला काय, शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. माणूस बरळायला लागला, अंग चटके बसण्याइतकं तापलं तर 108 ला फोन, सावली, ओली फडकी, पंखा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ओआरएसपण नाही. बाकी शुद्धीतल्या माणसाला ओआरएस म्हणजे मीठ-साखर-पाणीच की हो. मामी तुम्हाला पन्हं देते तेव्हा कारस्थान दिसत नाही ना?

आता इथं एक गोष्ट नाक मुठीत धरून कबूल करावी लागते. ‘आराखडे कागदावर असतात’ असं मेसेजमध्ये मधेच एक वाक्य आहे आणि ते बरंचसं खरं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने 2023 ला देशातले 37 आराखडे तपासले. पैसा कुठून आणणार हे फक्त 11 मध्ये लिहिलेलं, आणि सगळ्यात जास्त धोका कोणाला हे नीट शोधलेलं जवळजवळ कुठंच नाही. तर मग बोंब मारायची ती ‘पैसे ठेवा आणि नीट करा’ म्हणून, की ‘करूच नका’ म्हणून?

पांढरा रंग. अहो तो चुना असतो बहुतेक वेळा. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं, खालची खोली काही अंशांनी गार राहते, आणि पत्र्याच्या खोलीत कूलर-एसी परवडत नाही तिथं तेवढ्याने झोप लागते. तुम्ही स्वतः गच्चीवर ओली पोती टाकता, ते काय वेगळं आहे?

इलेक्ट्रिक बस. अर्धं बरोबर, महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची आहे. पण डिझेलचं इंजिन सिग्नलला उभं राहूनपण जळत असतं, त्यातली बरीच ताकद नुसती उष्णता म्हणून वाया जाते, बसच्या विजेच्या मोटरमध्ये तेवढी जात नाही. आणि उद्या सोलर वाढलं की तीच बस आपोआप स्वच्छ होते, डिझेलच्या बसला ती सोय नाही. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये आपला क्लायमेट अॅक्शन प्लॅन काढला, त्यात 2019 चा हिशोब आहे : 72 टक्के उत्सर्जन विजेसकट इमारती-घरांच्या ऊर्जावापरातून, 20 टक्के वाहतुकीतून, 8 टक्के कचऱ्यातून. म्हणजे नुसत्या बस बदलून भागणार नाही हे पालिका स्वतःच सांगतेय, वीज बदलल्याशिवाय 2050 चं नेट झिरो (म्हणजे जेवढं सोडू तेवढंच परत शोषून घ्यायचं, बेरीज शून्य) होत नाही आणि ती काही एकट्या पालिकेच्या हातात नाही. हा मुद्दा घेऊन मेसेज लिहिला असता तर मी पण पुढे पाठवला असता.

कचऱ्याचं काय बोलू. आमच्या सोसायटीत मीच पाहिलंय, ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, आणि गाडीवाल्याने दोन्ही डबे एकाच तोंडात उपडे केले. विचारलं तर म्हणाला, "साहेब, आतला पार्टिशनचा पत्रा तुटलाय." तीन महिने तो तुटलेलाच होता. संताप येतो, येणारच. पण डंपिंगवर ओला कचरा दबून सडतो त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट तापवतो. जानेवारी 2016 ला मुंबईचं देवनार डंपिंग ग्राउंड पेटलं आणि धूर उपग्रहातून दिसला, तेव्हा आम्ही खिडक्या लावून घरात बसलो होतो. पत्रा बसवून घ्यायचा की कचरा एकत्र करायला मोकळे झालो म्हणायचं?

राहिलं अमेरिका-चीन. ते सगळ्यात जास्त सोडतात, खरंय, त्यांना शिव्या घालायला माझी ना नाही. पण अकोल्याच्या बाजारात सावलीचं शेड अमेरिका घालणार आहे का? मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबायचं, तिथं पालिकेने मैदानाखाली टाक्या बांधल्या, भरतीच्या वेळी पाणी त्यात धरायचं आणि ओहोटीला सोडायचं. ते काम बीजिंगहून होत नसतं. उशीर झाला हे आहेच, नाले सुधारायचा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 चा आणि खरी जाग आली 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडल्यावर. त्यासाठी पालिकेला जेवढं बोलाल तेवढं कमी.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. मामांचं उत्तर आलं, "बघू." दहा मिनिटांनी खाली कांद्याचे बारा फायदे आले. मग मी वाद सोडला आणि मामीला फोन केला. आता साडेदहानंतर स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात असते, आणि मामा ती देवघरात शोधतात.