“मजूर पितात म्हणून पडतात” म्हणणाऱ्या भाऊंना

द्राक्षाच्या छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे औषध लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “ताई, एसीत बसून आम्हाला शेती शिकवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात हातमोजे घालून दाखवा. मजूर रात्री पितात म्हणून पडतात, औषधाला कशाला बदनाम करता? घातक असतं तर सरकारने बंद केलं असतं. आमच्या कर्जाचं लिहा.”

भाऊ, मतभेद असू द्या, पण ही कुठली बोलायची रीत? लेखावर पुरुषाचं नाव असतं तर तुम्ही “साहेब” म्हणून सुरुवात केली असती. पिंपळगाव बसवंतजवळ आमची बाग होती. गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरची फळछाटणी, झाली की वडील उघड्या हातांनी औषधात स्पंज बुडवून काडीच्या डोळ्यांना लावायचे आणि शाळेतून आल्यावर बादली धरायला मी असायचे. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या बोटांची सालटी निघालेली असायची. भाकरी मोडता यायची नाही, आई कुस्करून द्यायची. एसीचं मला ऐकवू नका.

हातमोज्यांत घाम साचतो आणि मजूर ते काढून ठेवतात, हे तुमचं बरोबर आहे.

पण “पितात म्हणून पडतात” हे मी सोडणार नाही. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी असतं, पण एक एंझाइम त्याचा लगेच निकाल लावतं. पेस्टिंगमधलं हायड्रोजन सायनामाइड नेमकं तेच एंझाइम बंद पाडतं. मग विष रक्तात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. दारू सोडवायला डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांतल्या काही याच रीतीने काम करतात. सायनामाइडचा कॅल्शियम क्षारसुद्धा त्यासाठी वापरला गेला आहे. मात्र गोळी घेणाऱ्याला आधी बजावलेलं असतं. पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळीत आलेल्या माणसाला कोणी बजावलं? तो रोजच्याइतकीच घेतो आणि त्या रात्री आडवा होतो. काही वेळा दुसऱ्या दिवशी घेतली तरी होतो. तुम्ही ज्याला दारूचा दोष म्हणता, तोच औषध कातडीतून आणि श्वासातून अंगात गेल्याचा पुरावा आहे! आणि थेंबही न घेणारा सुटतो असं नाही. कातडी भाजते, डोळ्यात उडालं तर नजरेवर बेततं. माझे वडील पीत नव्हते. तुम्ही त्यांना काय म्हणाल?

सरकारचं म्हणाल तर युरोपीय संघाने 2008 साली या औषधाला मंजुरी नाकारली, आणि त्यामागे ते वापरणाऱ्या माणसाला असलेला धोका हे मोठं कारण होतं. तिकडे निर्यात होणाऱ्या द्राक्षातल्या रेसिड्यूसाठी, म्हणजे उरलेल्या औषधाच्या अंशासाठी, आपण त्यांचेच आकडे पाळतो, तेव्हा कुरकूर करत नाही. कर्जाचा मुद्दा इथे आणायचं कारण नव्हतं.

नाशिकची थंडी सगळे डोळे एकसारखे फोडायला पुरत नाही, म्हणून औषध लागतं, हे मला कळतं. “पेस्टिंग बंद करा” असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. लावायच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू नको, कातडीला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, एवढं टोळीला सांगा, असं म्हटलं होतं. तुम्ही तुमच्या टोळीला हे सांगता का? त्याचं उत्तर द्या.