तेरुएलची ओळख कोणाला हवी आहे?

स्पेनमधल्या झारागोझा शहरात मी गेली सहा वर्षे राहतो. माद्रिद आणि बार्सिलोना या दोन्ही शहरांपासून साधारण ३०० किलोमीटरवर, एब्रो नदीच्या काठी वसलेले हे शहर लोकसंख्येने देशातल्या पहिल्या पाच शहरांत आहे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावावरून पडलेले त्याचे मूळ नाव अरबांच्या तोंडी ‘सराकुस्ता’ झाले आणि आज इथले लोक त्याचा उच्चार ‘थारागोथा’ असा करतात. तरीही बीडला घरी गेलो, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे बार्सिलोनाजवळच ना?” सुरुवातीला मला या प्रश्नाचे वाईट वाटत असे.

याउलट कोल्हापूरला राहणारा माझा भाचा विलारेआल आणि एइबार ही नावे घरच्यासारखी घेतो. विलारेआल हे जेमतेम ५० हजार वस्तीचे गाव, पण त्याच्या फुटबॉल संघाने २०२१ साली युरोपा लीग जिंकली. एइबार त्याहूनही लहान, मात्र २०१४ ते २०२१ अशी सलग सात वर्षे ते स्पेनच्या सर्वोच्च साखळीत खेळले. पेठेपेठेचा फुटबॉल संघ असलेल्या कोल्हापुरात ही नावे रुजली, यात नवल नाही. परंतु विलारेआलच्या परिसरातली घरे फरशांच्या कारखान्यांवर चालतात, हे मात्र भाच्याने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले. बुन्योलचेही तसेच. २०११ साली आलेल्या एका हिंदी चित्रपटामुळे तिथली टोमॅटोफेक आपल्याकडे घरोघरी पोहोचली. मात्र सुमारे १० हजार लोकांच्या त्या गावाला गर्दी आवरेनाशी झाल्याने २०१३पासून तिकीट लावावे लागले आणि २० हजारांची मर्यादा घालावी लागली, ही बाजू तिच्याबरोबर आली नाही. पुण्याच्या मॉलमध्ये ‘झारा’चे कपडे घेणाऱ्यांपैकी आर्तेइशो हे नाव किती जणांनी ऐकले असेल? कंपनीचे मुख्यालय त्या गावात आहे.

गेल्या खेपेस घरी असताना आमच्या चौकात ‘आपले शहर जगाच्या नकाशावर’ असा फलक लागला होता. रात्री अंगणात भाऊ आणि त्याचे मित्र तावातावाने वाद घालत होते, की त्यासाठी विमानतळ मागावा, मोठा महोत्सव भरवावा की एखादे भव्य स्मारक उभारावे. एकाने बिल्बाओचा दाखला दिला : पोलाद आणि जहाजबांधणी बसल्यावर डबघाईला आलेले ते शहर १९९७ साली गुगेनहाइम संग्रहालय उघडले आणि जगभर ओळखले जाऊ लागले. दाखला खरा आहे, पण अपुरा आहे. संग्रहालयाच्या आधी, १९९५ साली, तिथे मेट्रो सुरू झाली होती आणि काळवंडलेली नदी स्वच्छ करण्याचे काम तर त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू होते. इमारतीचे छायाचित्र परदेशी जाते, सांडपाण्याच्या वाहिन्यांचे जात नाही.

प्रसिद्धीची किंमत काय असते, ते बार्सिलोनात दिसते. १९९२च्या ऑलिंपिकने ते शहर साऱ्या जगाचे झाले आणि २०२४च्या जुलैमध्ये तिथल्याच रहिवाशांनी घरभाडे परवडत नाही म्हणून मोर्चा काढला, तेव्हा काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १० हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८पर्यंत संपवायचे, असे त्या महापालिकेने ठरवले आहे.

मला मात्र आमच्या वादात बोलावेसे वाटले ते तेरुएल या लहानशा जिल्ह्याच्या गावाविषयी. झारागोझाहून तिथे जाणारी डिझेलची गाडी एकेरी मार्गावरून अडीच तासांच्या आसपास घेते. तेवढ्या वेळात वेगवान गाडीने माद्रिदला जाऊन जवळजवळ परत येता येते. गावाच्या मुख्य चौकात उंच खांबावर एक बैल उभा आहे. तो इतका लहान, की मान वर करून शोधावा लागतो, आणि साऱ्या गावाचा जीव त्याच्यावर. विटा आणि रंगीत कौलांचे तिथले मुदेहार पद्धतीचे, म्हणजे ख्रिस्ती राजवटीत मुस्लिम शैलीने बांधलेले, मनोरे युनेस्कोच्या यादीत १९८६पासून आहेत. म्हणजे जगाच्या नकाशावर तेरुएल केव्हाच आले होते, तरीही माणसे गाव सोडून जात राहिली.

१९९९ साली तिथल्या लोकांनी ‘तेरुएल आहे’ अशा साध्या नावाची चळवळ सुरू केली. आम्ही आहोत, हे त्यांना परदेशी पाहुण्यांना नव्हे, तर माद्रिदच्या सरकारला ऐकवायचे होते. मागण्या होत्या रेल्वेच्या, रस्त्यांच्या आणि आरोग्यसेवेच्या. ३१ मार्च २०१९ रोजी ओस पडत चाललेल्या जिल्ह्यांचे लोक माद्रिदच्या रस्त्यांवर उतरले, त्यात ते पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात चळवळीचा एक उमेदवार संसदेत निवडून गेला आणि जानेवारी २०२०मध्ये पंतप्रधानपदाचा ठराव १६७ विरुद्ध १६५ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्या १६७ मतांत तेरुएलचे एक मत होते. परदेशात ज्याचे नावही धड कोणी घेत नाही, त्या जिल्ह्याचे म्हणणे साऱ्या देशाला ऐकावे लागले. झारागोझा कुठे आहे, हे कोणाला ठाऊक नसल्याचे मला आता वाईट वाटत नाही, ते यामुळेच.

हे मी अंगणात सांगितले, तेव्हा भावाचा एक मित्र म्हणाला, की आपण तर रेल्वेसाठी पिढ्या घालवल्या. ते खरेच होते. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर होऊन कित्येक वर्षे झाली, तरी बीडच्या माणसाला आपल्या गावी गाडी येताना दिसली नव्हती. अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड आणि अहिल्यानगरदरम्यान ती धावली. स्पेनच्या वर्तमानपत्रांत त्याची ओळही मला दिसली नाही आणि घरी कोणाला त्याची खंत नव्हती. दूरध्वनीवर भावाने एवढेच विचारले, “परळीपर्यंत कधी जाईल रे?”