घुबड उडाले नाही, म्हणजे त्याला त्रास झाला नाही का?

‘जंगलातल्या कच्च्या वाटांवर मोटारसायकली कितीही घुमवल्या तरी घुबड फांदीवरून हलत नाही, त्यामुळे त्याला त्रास होतो ही ओरड खोटी आहे’ असा दावा उत्तर कॅलिफोर्नियातील ठिपकेदार घुबडांबद्दल सर्रास केला जातो. घुबडांना आवाजाची सवय होते आणि त्यांच्या घटीचे खरे कारण वेगळेच आहे, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते.

घुबड बसून राहते हे खरे आहे. हा पक्षी मुळातच इतका निर्धास्त असतो की, संशोधक जिवंत उंदीर समोर धरतात, घुबड खाली झेपावून तो उचलते आणि ते तो कोठे नेते यावरून घरट्याचा माग लागतो. अशा पक्ष्याची स्वस्थता शांततेचा पुरावा कशी ठरेल? म्हणूनच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी घुबडांच्या विष्ठेतील ताण-संप्रेरकांचे अवशेष मोजले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घुबडांजवळ तासभर मोटारसायकली चालवल्यानंतर नरांमध्ये, विशेषतः मे महिन्यात, ताणाची स्पष्ट प्रतिक्रिया आढळली. मे महिन्यात बहुतेक नर मादीला आणि पिलांना एकट्याने शिकार पुरवत असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

दावा करणारे 1999 सालच्या हेलिकॉप्टरविषयीच्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात 105 मीटरपलीकडच्या आवाजाने घुबडे उडाली नाहीत, हे मान्य. पण त्याच अभ्यासात जमिनीवरची साखळी-करवत हेलिकॉप्टरपेक्षा जास्त त्रासदायक ठरली होती, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली जाते.

सवयीच्या मुद्द्याला पिलांची संख्याच उत्तर देते. 2011 च्या अभ्यासात गोंगाटाच्या रस्त्यांजवळ घरटी असलेल्या घुबडांची लक्षणीयरीत्या कमी पिले उडण्याच्या वयापर्यंत पोहोचली. सवय झाली असती तर शांत रस्त्यांच्या तुलनेत हा फरक दिसलाच नसता.

जुन्या वनांची तोड आणि पूर्वेकडून आलेल्या पट्टेदार घुबडाची स्पर्धा ही घटीची मोठी कारणे आहेत, हे कोणीच नाकारत नाही. परंतु 1990 पासून धोक्यातील प्रजातींच्या यादीत असलेल्या आणि दरवर्षी अंडी न घालणाऱ्या या पक्ष्याला आधीच दोन मोठे घाव बसले आहेत, म्हणून तिसरा चालेल, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. शिवाय तोडलेले जुने वन परत यायला शतके लागतात. घरट्यांजवळच्या वाटा विणीच्या हंगामापुरत्या बंद ठेवण्याचा निर्णय मात्र वनखाते याच वसंतात घेऊ शकते.