प्रतिक्रियेला उत्तर : ॲक्सल ५० मिमीचा, मग मर्यादा ४३० किलोच का?

नमस्कार. जुने सुटे भाग घालून नव्यानं बांधलेल्या कार-ट्रेलरसाठी (गाडीमागं जोडायच्या दोन चाकी ट्रेलरसाठी) आधीच्या लेखात मी मालाची मर्यादा ४३० किलो सांगितली. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ५० मिमीचा भरीव चौकोनी ॲक्सल टनभर सहज पेलतो. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरचा भार गाडी उचलते, तो मी धरलाच नाही. आणि तिसरा, "आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्या दुप्पट भरून जातात, तिथं कोण हिशेब करतंय?"

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. १४५/८० आर १२ टायरवर लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा छापील क्रमांक) ७४ असेल तर एका टायरला ३७५ किलो, दोघांना ७५०. त्यातले सुमारे १५ टक्के राखून मी ६४० धरले, रिकाम्या ट्रेलरचे २१० वजा केले, उरले ४३०. पण ६४० हा टायरवर येणारा भार आहे, ट्रेलरचं एकूण वजन नव्हे. कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाला गाडीशी जोडणाऱ्या भागावर, ४० किलो टेकत असतील तर एकूण वजन ६८० पर्यंत जाऊ शकतं. लेखात मी दोन्ही एकच मानले, ती माझी चूक. तरीही ते ४० किलो माल भरून संपवू नका. फोंडा घाट चढताना भार मागं सरकतो, कपलर हलका होतो आणि तेवढं ओझं परत चाकांवरच येतं.

आता ॲक्सल. बारबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. एका चाकावर ५०० किलो आणि स्प्रिंगपासून चाकाच्या मध्यापर्यंत १५० मिमी धरले, तर ५० मिमीच्या बारमध्ये ताण येतो जेमतेम ३.६ किलो प्रति चौरस मिमी. साधं एमएस (माइल्ड स्टील) २५ च्या आसपास वाकायला लागतं, म्हणजे बारला काही होत नाही. पण चाक बारवर बसत नाही, बारच्या टोकाला जोडलेल्या गोल खुंटावर, म्हणजे स्टबवर बसतं. आतल्या बेअरिंगजवळ हा स्टब २५ मिमीचा आहे, आणि चाकाचा भार शोल्डरपासून (बेअरिंग टेकतं त्या पायरीपासून) साधारण ६० मिमी बाहेर पडतो. एका चाकावर ६४० चे निम्मे, ३२० गुणिले ६०, म्हणजे १९,२०० किलो-मिमी. २५ मिमी गोल बारचं सेक्शन मॉड्युलस (आकारामुळं वाकण्याला होणारा विरोध) १,५३४ घन मिमी. भागाकार, म्हणजे ताण, १२.५. हे ट्रेलर उभा असताना. खड्ड्यात चाक आपटलं की तिप्पट धरायचं, म्हणजे ३७ च्या वर. एमएसचा स्टब असेल तर तो तिथंच वाकला. तुमचा टनभर भार धरला तर उभ्या उभ्याच जवळपास २० होतात.

सेक्शन मॉड्युलस व्यासाच्या घनावर चालतं, म्हणून स्टब ३० मिमीचा केला की ताकद पावणेदोनपट होते आणि तिप्पट धक्क्यालाही ताण २२ च्या आत राहतो. बेअरिंग बदलावी लागतील, पण खर्च करायचा तर तो इथं. उद्यमनगरात लेथवर काम देताना शोल्डरच्या कोपऱ्याला २ ते ३ मिमी रेडियस (गोलाई) सांगून ठेवा. न सांगितल्यास टर्नर टोकदार टूलनं काटकोन काढून देतो, बेअरिंगही मस्त टेकून बसतं, आणि भेग नेमकी त्या कोपऱ्यातून सुरू होते. रेडियसवर बेअरिंग अडत असेल तर मध्ये आतून चेंफर केलेली (कड तिरकी कापलेली) रिंग घाला. रेडियस घासून काढू नका. दुसरं, ईएन-८ (एमएसपेक्षा जास्त कार्बनचं पोलाद) चा स्टब थंड असताना बारला वेल्ड केला तर वेल्डच्या कडेचं पोलाद कडक, ठिसूळ होतं. आधी तापवून घ्या, नंतर सावकाश गार होऊ द्या. पाणी तर अजिबात मारायचं नाही!

टायरचे ३७५ किलोही पूर्ण हवेला, साधारण ३५-३६ पीएसआयला. २६ वर ते तीनशेच्या आसपास उतरतात. भंगारातनं टायर घेतला असेल तर टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. १५१६ म्हणजे २०१६ चा १५ वा आठवडा, आणि इतक्या जुन्या टायरच्या इंडेक्सवर हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

उसाच्या ट्रॉलीचं म्हणाल तर ती २० च्या वेगानं जाते. तुमचा ट्रेलर ६० नं गेला की तेवढ्याच वजनाची गतिज ऊर्जा नऊपट. ट्रॉली दुप्पट भरणंही बरोबर नाहीच, पण तो वेगळा विषय.

कागदावरचं सगळं काट्यावर तपासा. एमआयडीसीतल्या कुठल्याही सपाट वजनकाट्यावर गाडी बाहेर ठेवून, कपलर जोडलेला असतानाच, फक्त ट्रेलरची चाकं चढवा. तो आकडा ६४० च्या आत हवा. दांडीचा भार मात्र या काट्यावर मोजू नका. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं बोलतो आणि इथं प्रश्नच ४० किलोचा आहे. घरातला माणसं मोजायचा काटा घ्या, वर लाकडी ठोकळा ठेवा आणि कपलर गाडीच्या बॉलच्या (कपलर ज्यावर बसतो त्या गोळ्याच्या) उंचीला आणून टेकवा. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के यायला हवेत. कमी आले तर माल पुढं सरकवा, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा वळवळतो.

आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) एकूण वजन या ६४० किलोंहून कमी लिहिलं असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणं तोच आकडा तुमची मर्यादा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं छापलं असेल, तर स्टब ३० चा करूनही उपयोग नाही.