दर वर्षी तेच 'पुढे या'

ख्रिस्ती शिबिर असो की कन्व्हेन्शन, 'तारण (पापातून सुटका) हवंय त्यांनी पुढे या' म्हटलं की बरेच चेहरे गेल्या वर्षीचेच दिसतात. दोष त्यांचा नाही. रडू आलं, अंग शहारलं की तारण झालं, असंच त्यांच्या मनावर बिंबवलेलं असतं. मग सोमवारी ते ओसरलं की तारणाचीही शंका!

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. विद्वत्ता होती, सेवा होती, तरी मनाला निवांतपणा नव्हता. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी पुढे साक्षीत लिहिलं. आपण आहोत तशाच, स्वतःची काही लायकी न आणता, ख्रिस्तावर विसंबायचं हे त्यांना उमगलं ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. रमाबाईंना इतका वेळ लागला, तर आपण पोरांकडून एका रात्रीत 'ख्रिस्ताला स्वीकारलं' असं कार्ड का भरून घेतो?

तारणाची खात्री नसेल तर बायबलातलं योहानाचं पहिलं पत्र एका बैठकीत वाचा. पाचच अध्याय आहेत, अर्धा तास पुरतो. 'ह्यावरून आपल्याला कळते' अशा अर्थाची वाक्यं आली की पेन्सिलीने खूण करा: आज्ञापालन (२:३, म्हणजे अध्याय २, वचन ३), बंधुप्रीती (३:१४), पवित्र आत्मा (४:१३). पत्र कशासाठी लिहिलं ते ५:१३ मध्ये आहे: विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन आपल्यापाशी आहे हे कळावं म्हणून.

गोची इथेच होते. ह्या खुणा म्हणजे नव्या जीवनाची फळं. लोक ती तारणाची किंमत समजून फेडायला बसतात. काही जण ३:९ ला अडकतात: देवापासून जन्मलेला पाप करत नाही, मग माझं काय? पण 'आमच्यात पाप नाही' म्हणणारा स्वतःला फसवतो, हे त्याच पत्रात १:८ ला आहे, आणि लगेच १:९ ला पाप कबूल करणाऱ्याला क्षमेचं वचन. ३:९ चा रोख पापातच मुरून राहण्यावर आहे.

कलस्सै गावची ख्रिस्ती मंडळीही अशीच घोळात पडली होती. खाण्यापिण्याचे नियम, अमावस्या, शब्बाथ (यहुद्यांचा विसाव्याचा वार), देवदूतांची पूजा, ख्रिस्ताला एकेक जोड सुचवणारे होतेच. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात २:१० मध्ये सांगितलं की ख्रिस्तात तुम्ही पूर्ण झालेलेच आहात. उपवास जरूर करा, पण उरलेलं तारण भरून काढायला नको.

उलट, कार्डावर सही आहे आणि भावाशी दहा वर्षं अबोला, त्याचं काही वाटतही नाही, अशा माणसाला योहान धीर देत नाही. पाळकांनी पुन्हा पुढे आलेल्याकडून तीच प्रार्थना वदवून घेण्याआधी बाजूला बसवून विचारावं: खात्री कशावरून गेली? पापावरून, की नुसत्या मनःस्थितीवरून? पापावरून असेल तर योहानाच्या पत्रातलं १:९, मन उगाच खात असेल तर ३:२०: आपलं मन दोष देत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे.