‘सरकत’वाला मुद्दा एकदम पटला, पण…
‘कसरत’ची अक्षरं हलवली की ‘सरकत’ होतं हे कसरतीवरच्या एका लेखात वाचलं आणि कागदावर लिहूनच बघितलं, क स र त, खरंच चारही तीच! पण लेखकाने याला नुसता योगायोग म्हणून सोडून दिलंय ते नाही पटलं. मी काही वर्षं हातांवर उभं राहायचं शिकतोय, बघणाऱ्याला वाटतं माणूस दगडासारखा स्थिर उभाय, आतून मात्र वजन सतत सरकत असतं, बोटांकडे गेलं की बोटं जमिनीत रुतवायची, मनगटाकडे आलं की लगेच खांद्यातून परत पुढे आणायचं, हे एक सेकंदही थांबत नाही. म्हणजे कसरत ही सरकतच होते, शब्द बरोबर बोलतोय.

आणि कसरतीबद्दल लेखातलं "हा खेळ आहे, कला नाही" हे वाक्य तर अजिबात मान्य नाही. खेळात उडीला गुण मिळतात, इथे उडीच्या आधीचा थांबा, श्वास, नजर हे सगळं प्रेक्षकासाठी रचलेलं असतं. ज्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूने 1859 मध्ये पॅरिसच्या सर्कशीत एका झोक्यावरून दुसऱ्यावर झेप घेतली तेव्हा कोण गुण देत होतं? (लिओटार्ड हे अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं, ते लेखात यायला हवं होतं.) अक्षरांच्या खेळातही तेच आहे ना, नवीन अक्षर घ्यायचं नाही, आहे तेवढ्यातच क्रम बदलून वेगळं काही उभं करायचं, कसरत करणाऱ्याकडेही तेच दोन हात आणि दोन पाय असतात.