वहिनीला बोल लावण्याआधी एवढं वाचा

वहिनीला विचारून लिहितेय.

माझी भाची सात वर्षांची. यंदा गड्ड्याच्या यात्रेत पोरगी स्वेटर काढायलाच तयार होईना. सोलापूरची दुपार, जानेवारी असली तरी ऊन ते ऊनच. घामाघूम झाली, पण बटण उघडू देईना. रात्री आईजवळ रडली. छातीशी दुखत होतं आणि ते तिला लपवायचं होतं. सातव्या वर्षीच ती वयात येऊ लागली होती.

पुढं घरात जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. कोंबडी खायला घालतेस, पाकिटाचं दूध पाजतेस, मोबाईल हातात देतेस. माझी आई वहिनीला बोलली, शेजारच्या काकू बोलल्या, मीही बोलले. पोरगी अर्धी भाकरी ताटात टाकते, हे माहीत असून बोलले. दादाला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

विचारलं ते डॉक्टरांनी. "तुमचा आवाज कधी फुटला?" चौथीत. तेव्हा दादा वर्गात सगळ्यात उंच होता. दहावीपर्यंत सगळी पोरं त्याच्यापुढं गेली, हा तिथंच राहिला. आमच्याकडं ही गोष्ट इतकी वर्षं कौतुकानं सांगत होते!

वयात कधी यायचं ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ठरतं. तिथल्या मोजक्या पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठेक्यात सोडू लागल्या की आधी पिट्युटरी ग्रंथी, मग अंडाशय कामाला लागतं. तान्हेपणी हे काही महिने चालू असतंच, मग मेंदू त्याला लगाम घालतो. त्या पेशींना जागं करतं किसपेप्टिन नावाचं मेंदूतलंच एक रसायन. त्याचा संदेश घेणारा जीन, म्हणजे जनुक, बिघडला तर माणूस वयातच येत नाही, हे २००३ मध्ये कळलं. आणि लगाम धरणारा एक जीन म्हणजे एमकेआरएन३. त्यात बिघाड असला तर पाळी फार लवकर येऊ शकते, हे २०१३ मध्ये सापडलं. या जीनची आईकडून आलेली प्रत गप्प असते, बापाकडून आलेलीच चालते. म्हणजे बिघाड भोवतो तो बापाकडून आला तरच. आजीकडून बापाला आला असेल तर बापाला काहीच होत नाही, लेकीत मात्र उमटतो.

प्रत्येक मुलीत हेच कारण नसतं. बऱ्याच जणींत कारण सापडतच नाही, आणि वाढत्या वजनाचाही संबंध आहे. आमच्या पोरीची जीनची तपासणी अजून झालेली नाही. पण बोल लावायला आपण फक्त आईच कशी शोधतो?

मुलीत आठच्या आत, मुलात नऊच्या आत बदल दिसले तर बालरोगतज्ज्ञांकडं जा. न्हाण येईपर्यंत थांबू नका. हाडं लवकर पिकतात आणि उंची खुंटते. भाचीच्या डाव्या हाताचा एक्सरे काढला, हाडं दहा वर्षांच्या मुलीची निघाली. ती फोटो बघून विचारत होती, "आत्या, हा माझाच हात आहे का?"

आता महिन्याला एक इंजेक्शन असतं. त्या दिवशी दादा कामावरची पाळी बदलून घेतो आणि स्वतः तिला घेऊन जातो. सुई टोचताना तो दुसरीकडं बघतो, पण तिचा हात सोडत नाही.